‘बंद’च्या पुढचा शब्द

रुद्रय्याला गूळ कळतो, हे मार्केट यार्डात कुणाला बी इचारा. सौद्याला हा गडी गुळाचा रवा, म्हंजे ढेप, फोडणार, खडा जिभेवर ठेवणार आन् डोळं मिटून उभा राहणार. बाकीचे व्यापारी चेष्टा करायचे, "रुद्रय्या, झोप लागली काय?" ह्याचं म्हणणं एकच, रंग खोटं बोलतो. पावडर मारून काळा गूळ बी पिवळाधमक करता येतो, तवा डोळं मिटा आन् जिभेला इचारा.

असला हा पक्का माणूस एका वायरीच्या नादाला लागला, त्याची ही गोष्ट हाय. मी पिराजी, उचगावचा म्हशीवाला. शाळेपासनं त्याचा शेजारी. त्याच्या घरात दूध माझं आन् भांडण बी माझ्याशीच.

आवाजाचं वेड त्याला ल्हानपणापासनंच. रेडिओ खोलून बघितल्याबिगर त्याला रेडिओ ऐकल्यासारखं वाटायचं न्हाय. त्याच वेडापायी तरुणपणी बापाची गुळाची अडत सोडून हुबळीला एका रेडिओच्या दुकानात पळून गेलता. त्याची आई लई करारी बाई. अव्वा म्हणायचा तो तिला. "परत आला तर त्याच्याशी बोलणार न्हाय," असं ती गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यांदा म्हणाली हुती. आन् खरंच, हा परत आला तवा अव्वानं गपगुमान ताट वाढलं, पण तोंडातनं शब्द काढला न्हाय. पुढं थोड्याच दिवसांत ती तापानं गेली.

मागं राहिली एक कॅसेट. रुद्रय्या परत आला त्याच दुपारी थोरला भाऊ सोमेश नव्या टेपरेकॉर्डरवर अव्वाचं गाणं भरून घेत हुता. अव्वा गोकाककडची, तिचं गाणं कानडीत. मधीच गाणं थांबतं, अव्वा म्हणती, "बंद..." आन् पुढं नुसती खरखर. रुद्रय्या त्या वक्ताला अंगणात चपला काढत हुता. अव्वानं खिडकीतनं आपल्याला बघितलं आन् टेप बंद करायला सांगितला, ह्या पोरासमोर गाणार बी न्हाय म्हणून, असं त्यानं मनाशी धरलं. सोमेशला इचारायची हिंमत झाली न्हाय, आन् पुढं सोमेश बी गेला.

जित्या माणसाशी भांडून मोकळं होता येतं. गेलेल्या आईशी कसं भांडायचं? वरनं हसणारा रुद्रय्या आतनं त्या एका शब्दानं स्वतःला टोचून घेत बसायचा. आपल्याला माफ केलं का न्हाय, एवढंच त्याला पायजे हुतं.

दोन हजार तीन साल असंल. पुण्यासनं एक पावणा आला, भारी भारी म्युझिक सिस्टीम इकणारा. रुद्रय्याच्या सोप्यात डेक हुता, अँप्लिफायर हुता, कपाटाएवढं स्पीकर हुतं. पावण्यानं ते सगळं बघितलं आन् मान हलवली. "काका, सगळं उत्तम आहे, पण वायर साधी आहे. साध्या वायरीत आवाज अडखळतो. ही आमची वायर लावा, खरखरीखाली गाडलेलं सगळं वर येईल."

वायर अजगराएवढी जाड. वर बाण काढलेला. बाणाच्या दिशेनंच लावायची म्हणं. जमिनीला टेकवायची न्हाय, तिच्यासाठी लाकडाच्या घोड्या. आन् महिनाभर वाजवली की मग आवाज मुरतो.

"लोणचं हाय व्हय?" मी म्हटलं. "आन् बाण उलटा लावला तर गाणं परत कॅसेटीत जातंय काय?"

पावणा हसला न्हाय. पण खोटं कशाला बोलू, त्यानं वायर लावून तबला वाजवून दाखवला तवा मला बी तो गोड वाटला. आठ दिवस लावून बघा, म्हणून वायर ठेवून पावणा गेला. रुद्रय्याच्या डोक्यात तबला नव्हताच. खरखरीखाली गाडलेलं वर येईल, एवढंच त्यानं ऐकलं हुतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धारा काढत हुतो, तर हा गोठ्यात येऊन उभा. डोळं लाल.

"ऐकू आलं, पिराजी. बंदच्या पुढचा शब्द."

"काय?"

"करा. 'बंद करा.' अगदी स्वच्छ."

माझं टाळकंच सरकलं. "आरं खुळ्या, इतकी वर्षं न्हाय ते आजच कसं ऐकू आलं? मेलेल्या आईचा राग इकत घेणारा तूच पहिला! सौद्यात डोळं मिटतोस न्हवं? मग त्या वायरीकडं टकामका बघत का ऐकतोस?"

मला वाटलं आता हा खवळणार. पण त्याचा चेहराच बदलला. "आयला," तो म्हणाला, "हे मला का सुचलं न्हाय?"

धार आटपून तसाच त्याच्या घरी गेलो. रुद्रय्याला भिंतीकडं तोंड करून बसवला. त्याच्या बायकोकडं, नीलम्मावैनींकडं, टॉवेल मागितला, तर त्या म्हणाल्या, "घ्या की. त्या वायरीची पूजा तेवढी ऱ्हायलीया, ती बी करतो मी." अँप्लिफायरच्या मागच्या बाजूवर टॉवेल टाकला आन् खाली हात घालून खुडबुड केली. अव्वाचं गाणं लावलं. "बंद..." आन् खरखर.

"ही जुनी," रुद्रय्या म्हणाला. "काय कळलं न्हाय."

परत खुडबुड, परत गाणं.

"ही नवी! करा म्हणाली बघ!"

असं बराच वेळ चाललं. कधी जुनी, कधी नवी, कधी करा, कधी नुसती खरखर. शेवटी मी टॉवेल उचलला. जाड वायर कोपऱ्यात गुंडाळून पडलेली. पहिल्यापासनं जुनीच लावली हुती, मी नुसतं हात हलवत हुतो.

दुसरा कोण असता तर माझ्या अंगावर आला असता. हा हसत सुटला. मग डोळं पुसलं. म्हणाला, "वायरीचं सोड. ती न्हवतीच, तरी मला करा ऐकू आलं. ते कुठनं आलं?"

"मन चिंती ते वैरी न चिंती," वैनी म्हणाल्या.

"व्हय. पण मग बंद तरी खरं कशावरनं?" तो उठून फेऱ्या मारायला लागला. "कॅसेट ज्याला ज्याला ऐकवली, त्याला मी आधीच सांगितलं, आता बघ, अव्वा टेप बंद करायला सांगती. मग तो दुसरं काय ऐकणार? मला असं माणूस पायजे, ज्याला कायच ठाऊक न्हाय."

तेवढ्यात दानेश्वरी चहा घेऊन आली. त्याची सून, मल्लेशची बायको. लगीन होऊन महिना बी झाला न्हवता. ती बी गोकाककडचीच, मराठी अजून चाचपडत बोलायची. वैनी तिला सांगायला तोंड उघडत हुत्या, तर रुद्रय्यानं हात वर केला. "कोण काय बोलू नगा. पोरी, बस. हे ऐक आन् तुला काय वाटतं तेवढं सांग."

जुन्याच वायरीवर गाणं लागलं. मी टॉवेल हातात धरून उभा.  गाणं थांबलं, अव्वा म्हणाली, "बंद..." आन् खरखर सुरू झाली.

दानेश्वरी हसली. "किती खूश झाल्या आजी!"

"खूश?" रुद्रय्या पुढं सरकला. "टेप बंद करा म्हणत्यात न्हवं त्या?"

"टेप? न्हाय वो, मामा. कानडीत बंद म्हंजे आला." तिनं हात दाराकडं केला. "असं. आला! लई दिवस वाट बघितल्यावर म्हणत्यात तसं."

रुद्रय्याला कानडी येत न्हाय असं न्हाय. व्यापारापुरतं येतं. पण अव्वा पोरांशी कायम मराठीत बोलायची, आन् ह्याच्या मनात पळून गेल्याचा अपराध. त्याला तो शब्द कानडी असंल असं वाटलंच न्हाय. त्यानं कॅसेट मागं घेतली आन् परत लावली. ह्या वेळी डोळं मिटून ऐकली. मग परत एकदा. वैनींनी पदर तोंडाला लावला. मी भिंतीकडं बघत राहिलो, कारण माझं बी डोळं भरलं हुतं.

दानेश्वरी बावरली. आपलं काय चुकलं, तिला कळंना. हळूच म्हणाली, "मामा, कोण आलतं त्या दिवशी?"

"मी," रुद्रय्या म्हणाला. "मी आलतो."