गुऱ्हाळावरची वहाण

"चेहरा नंतर. आधी पंजा."

असे म्हणत बारामतीत आमच्या शेजारी राहणारे डॉक्टर नव्या रोग्याच्या पंजाला आपला पंजा लावून पाहत. इंदापूरकडच्या एका पैलवानाला वाटले, डॉक्टर पंजा लढवताहेत. त्याने मनगट असे पिरगाळले, की डॉक्टर पुढचे काही दिवस डाव्या हाताने औषधे देत होते. पण सवय सुटली नाही.

ही एकोणीसशे तिसानंतरची गोष्ट. डॉक्टरांकडे परदेशातले एक वैद्यकीय मासिक येई. मेंदूच्या बुडाशी एक बारीकशी ग्रंथी असते, तिच्या रसाने माणूस वाढतो, आणि तिच्यात गाठ झाली तर वाढलेल्या माणसाचेही हातपाय, जबडा वाढत राहतात, असे त्यांनी त्यात वाचले. तेव्हापासून त्यांना दुसरे सुचेना. बाजारातल्या खाटकाकडून मेंढराचे डोके आणून ते मागच्या ओसरीवर फोडत बसले. आतून वहिनी म्हणाल्या, "सापडली की आधी अंघोळ करा. तशी बातमी घेऊन आत येऊ नका."

मला हाक मारून त्यांनी तळहातावरचा दाणा दाखवला. "तात्या, एवढ्याशावर सगळं!"

मी गुळाच्या अडतीत वजने पाहणारा. विचारले, "वजन किती?"

"तुमच्या काट्याला कळणारसुद्धा नाही," म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले.

बाजारात ते भाजी सोडून लोकांच्या हनुवट्या पाहत. एका म्हातारीने विचारलेच, "डाक्टर, लेकीला स्थळ बगताय व्हय?"

आणि तसा माणूस भेटला तो बारामतीलाच, पाटाकडेच्या एका गुऱ्हाळावर. मी गूळ पाहायला निघालो होतो, डॉक्टर रस प्यायला बरोबर आले. तिथला गूळ शिजवणारा गुळव्या सुप्याकडचा. हात सुपाएवढे, जबडा पुढे आलेला. मालक कौतुकाने म्हणाला, "सुप्यास्नं आला तवा काडी हुता नुसता. पाटाचं पाणी मानवलं!"

आमच्याकडे हे सगळेच म्हणत. कोरडवाहू गावचा माणूस पाटावर आला की अंग धरतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले.

डॉक्टरांनी पंजा लावला. मग विचारले, "डोकं दुखतं?"

"रोजच की."

त्याला समोर पाहायला सांगून त्यांनी कानाच्या बाजूला बोट हलवले. "दिसतं?"

"न्हाय."

दुसऱ्या बाजूलाही तेच. शेजारी रसाची भली मोठी काहील उकळत होती. डॉक्टरांनी त्याला दंडाला धरून आधी तिथून दूर नेले.

पूर्वी हा कसा होता, हे त्यांना हवे होते. फोटो कुठला असणार! इतक्यात त्यांचे लक्ष वर गेले. दृष्ट लागू नये म्हणून छपराच्या मेढीला एक जुनी वहाण टांगलेली होती.

"ही कुणाची?"

"माजीच. हितं आलो त्या सालची."

डॉक्टरांनी ती काढायला लावली. मालक ओरडला, "आवं, गुळाला दिष्ट लागंल!" तोवर गुळव्याने वहाणेवर पाऊल ठेवले होते. टाच मागे चार बोटे बाहेर राहिली. बोटे माझी, मोजली मी.

"पाण्याने अंग भरेल," डॉक्टर म्हणाले, "पण मोठ्या माणसाचं पाऊल वाढत नाही. हा आजार आहे. असाच राहिला तर डोळे जातील."

गुळव्याने काहिलीतल्या रसाकडे पाहिले. मग म्हणाला, "मंजी गुळाचा रंग दिसायचा न्हाय?"

"नाही."

"मग काय करायचं सांगा."

"मुंबईला चल. किरणांचा शेक देतात."

"ऐन उसाच्या गळितात?" मालक उसळला.

"गळीत पुढच्या साली येईल. याचे डोळे तुम्ही आणून देणार का?"

दवाखान्याला कुलूप घालून डॉक्टर स्वतः त्याला घेऊन गेले. एक्स-रेमध्ये त्या ग्रंथीभोवतीचे हाड पोखरल्यासारखे रुंद झालेले दिसले. शेक देऊन परत आल्यावर डोकेदुखी हळूहळू उतरली. बाजूचे दिसेनासे झालेले परत आले नाही; समोरचे मात्र शाबूत राहिले. लोक म्हणत, डॉक्टरांनी बरा केला. ते चिडत. "बरा नाही, तात्या. थांबवला. दोन्हींत फरक आहे." वजनात रतीभर इकडेतिकडे न खपणाऱ्या मला हा माणूस त्या एका वाक्यासाठी फार मोठा वाटतो.

पुढे दर गळिताआधी ते त्याचे पाऊल फळीवर ठेवून मापत आणि ओट्यावरून मला ओरडून सांगत, "तेवढंच आहे! तेवढंच!" घरात पाळणा हलल्याची बातमी द्यावी तसा आवाज असे.

न्यूमोनियाने डॉक्टर गेले, तेव्हा कऱ्हेकाठी आम्ही सगळे माना खाली घालून उभे होतो. गुळव्या गर्दीतून पुढे आला आणि नुकत्याच पेटवलेल्या चितेसमोर थांबला.

"त्या अंगाची लाकडं वल्ली हायत," तो म्हणाला. "जाळ धरंना."

कुणाच्याच ते लक्षात आले नव्हते. आमचे डोळे भरलेले. डॉक्टरांच्या मुलाने होकाराची मान हलवली. गुळव्या वाकला आणि त्या प्रचंड हातांनी एकेक ओंडका हलक्याने सरकवत राहिला, जाळ सगळीकडून सारखा होईपर्यंत.