आमचा धर्म सांभाळणारे फादर

"तुझ्या आईला मी शब्द दिला आहे," असं म्हणत आमचे फादर माझा कान दोन बोटांत धरायचे आणि मला चर्चच्या दारातून अलगद बाहेर आणून ठेवायचे.

मिशनची शाळा नागपुरात, पोरं मात्र कुही-काटोलकडच्या खेड्यांतली. फादर फ्रान्सचे. सात समुद्र ओलांडून ते कशाला आले होते, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. पण मला बोर्डिंगात ठेवताना आईने पदर पसरला, पोराचा धर्म तेवढा राखा म्हणाली, आणि हे गृहस्थ हो म्हणून बसले. तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. मला चर्चमधला बाजा आवडायचा; ख्रिस्ती पोरांच्या ताटातला पाव त्याहून आवडायचा. धर्म बुडवायची माझी तयारी होती, फादर बुडू देत नव्हते. संध्याकाळी दिवा लागला की समोर बसवून माझ्याकडून आमचेच श्लोक म्हणवून घ्यायचे.

तरी गावात बोभाटा झालाच, की पोरगं बाटलं. काका बैलगाडी जुंपून मला न्यायला आले. मला जायचं नव्हतं. मॅट्रिक झालो तर कुठल्या तरी कचेरीत चिकटेन, एवढाच धीर होता. फादर म्हणाले, तुम्हीच याची परीक्षा घ्या. मी श्लोक सुरू केले, पण काकांचा चेहरा पाहून मध्येच अडकलो. फादरना राहवलं नाही. त्यांनी पुढची ओळ सांगितली, आणि मग त्या फ्रेंच तोंडाने, डोळे मिटून, शेवटपर्यंत सगळं म्हणून दाखवलं.

काका पांढरे पडले.

"आपले देव ज्याले इतके पाठ," ते मला म्हणाले, "थो तुले सोडीन काय गा? चाल, बस गाडीत."

शाळा तिथे संपली. आज घरापासून दूर, खरगपूरच्या मालधक्क्यावर मी पोट भरतो ते फादरनी शिकवलेल्या अर्ध्यामुर्ध्या इंग्रजीवर. साहेबाने हाक मारली की अडखळत का होईना, उत्तर देता येतं.

त्या दिवशी गाडी फाटकाबाहेर पडली, काकांनी शिदोरी सोडली, तेवढ्यात मागून फादर झगा सावरत धावत आले. मला वाटलं, आता हे काकांचे पाय धरतात. त्यांनी गाडी धरली. धाप लागली होती.

"आज एकादशी आहे," ते काकांना म्हणाले. "याला वाटेत भाकर देऊ नका."

काकांच्या तोंडात घास होता. गाडी वळेपर्यंत फादर रस्त्यात उभे होते, आणि तोवर काकांनी तो गिळला नाही.