अकरा महिन्यांची भूक

मशिदीत नमाजाला खुर्ची मिळाली की माणूस म्हातारा झाला असं खुशाल समजावं. मला ती बावन्नाव्या वर्षीच मिळाली. बायको गेल्यानंतरच्या तीन वर्षांत मी असा फुगलो की गुडघे जमिनीला टेकेनात, आणि टेकले तर उठेनात. मग आरमोरीच्या आमच्या मशिदीत ओळीच्या टोकाला, भिंतीशी, माझी प्लॅस्टिकची खुर्ची मांडली जाऊ लागली. बाकीचे खांद्याला खांदा लावून उभे. माझ्या खुर्चीमुळे शेजारच्याला मात्र हातभर लांब राहावं लागे. त्या हातभर जागेचा मला फार राग यायचा. मला परत ओळीत उभं राहायचं होतं, एवढंच.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन उतरवा, गुडघे साथ देतील, पण उपाशी राहू नका. शेवटचं मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भुकेबद्दल ही पोर मला काय शिकवणार! बाराव्या वर्षापासून माझा एक रोजा चुकलेला नाही. रमजान संपला, ईद झाली, आणि मी आपला खाजगी रमजान पुढे चालूच ठेवला. चहाची तेवढी सवलत स्वतःला दिली. दिवसभर माझ्या शिंपीकामाच्या दुकानात मशीन चालवायचो आणि संध्याकाळी घरी येऊन भाताचं पातेलं पुढ्यात घ्यायचो. तळ दिसल्याशिवाय हात थांबत नसे.

महिनाभरात एका दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली. पँटीची चाळीसची खूण केली होती, कात्री चालली छत्तीसवर. ते कापड जवळच्या खेड्यातल्या एका शेतकऱ्याचं होतं.

"काऊन भाऊ, माही पँट लेकराले शिवून राह्यले का?" तो म्हणाला.

त्याला नवं कापड आणून दिलं आणि मुकाट्यानं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"चाचा, तुम्ही वजन नाई कमी करून राह्यले. स्वतःले शिक्षा देऊन राह्यले."



मग त्यांचं ऐकलं. सकाळी नाश्ता, दुपारी एक वाजता जेवण, चारला मूठभर फुटाणे, आठच्या आत रात्रीचं. आधी भाजी आणि लाखोळीची डाळ, मग वाटीभर भात. मधेच भूक लागली तर पाणी पिऊन दहा मिनिटं थांबायचं. हे उपाशी राहण्यापेक्षा अवघड निघालं. रोज्यात भूक एकट्याची नसते. अख्खा मोहल्ला हातात खजूर धरून एकाच अजानची वाट बघत असतो. उरलेल्या अकरा महिन्यांत माझी भूक माझ्या एकट्याची. चार वाजता समोरच्या हॉटेलात आलुबोंड्याचा घाणा निघे आणि सगळा रस्ता तिकडे वळे. मी तेवढा मशीनवर बसून फुटाणे चावत राही.

घरी आणखी वाईट. बायको होती तेव्हा 'और?' विचारणारी ती, आणि ताटावर हात आडवा धरून 'बस' म्हणणारा मी. आता वाढणारा मी आणि खाणाराही मीच, बस कुणाला म्हणू? शेवटी तांदूळ मोजूनच शिजवू लागलो. पातेल्यात काही उरलंच नाही की भांडण मिटलं. पण त्या रिकाम्या पातेल्यासमोर बसून मी कितीदा तरी रडलो आहे. भुकेनं रडलो की तिच्यासाठी, ते आजही सांगता येत नाही.

वजनकाटा घरात नव्हता, टेप होता. दर शुक्रवारी स्वतःची कंबर मोजायचो. कधी पाव इंच कमी, कधी तेवढंच जास्त. गावाला मात्र माझी काळजी लागली.

"शुगर निघाली का भाऊ?"

"कायले सुकून राह्यले?"

एकानं तर दुसऱ्या लग्नाची तयारी चाललीय का म्हणून विचारलं. त्याच्या शर्टाला मी मुद्दाम आठ दिवस उशीर केला.

आठेक महिन्यांनी एका गुरुवारी उतरत्या दुपारच्या नमाजाला गेलो. त्या वेळी गर्दी कमी असते, फजिती झाली तरी थोड्याच लोकांना दिसेल असा हिशेब. खुर्चीकडे न जाता सरळ ओळीत उभा राहिलो. इमामसाहेब नेहमीसारखे म्हणाले, मधे जागा सोडू नका. शेजारी बाजारातला एक भाजीवाला होता. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही, नुसता सरकला आणि त्याचा खांदा माझ्या खांद्याला येऊन टेकला.

दिवसभर मी लोकांच्या खांद्यांची मापं घेतो. हात माझे त्यांच्या अंगाला लागतात. पण बायको गेली, खुर्ची आली, आणि तेव्हापासून ईदची गळाभेट सोडली तर माझ्या अंगाला कुणाचा हातही लागलेला नव्हता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. वाकलो, बसलो, कपाळ जमिनीला टेकलं. गुडघे कुरकुरले, पण हात टेकून उठता आलं. नमाजात हलायचं नसतं, म्हणून डोळे पुसले नाहीत. भाजीवालाही उठून उभा राहिला होता, आणि त्याचा खांदा पुन्हा होता तिथेच आला.