नील बेटावर भरली दूध संस्थेची सभा

एप्रिल-मेमध्ये अंदमानला जाऊ नका, फार उकडतं, असा सल्ला तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल. सल्ला देणाऱ्यांनी त्याच दिवसांत धारूरच्या घाटाखाली आमच्या गावात चार दिवस राहून दाखवावं. यंदा आमच्याकडे टँकरचा दिवस बघून लोक साखरपुड्याची तारीख धरत होते. म्हणून मी आणि मनीषानं ठरवलं, आयांना समुद्र दाखवायचा.

मी अंबाजोगाईत कॉलेजात शिकवते, मनीषा लातूरला बँकेत आहे. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. माझी आई, अनुसया, गावातल्या महिला दूध संस्थेची अध्यक्ष. मनीषाची आई द्वारकाकाकू त्याच संस्थेच्या निवडणुकीत आईविरुद्ध पडल्या. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. काकू आता आपल्या बाजूच्या बायका घेऊन वेगळी संस्था काढायला निघाल्या होत्या. दुष्काळात आधीच निम्मी जनावरं छावणीत. उरलेल्या दुधाचे दोन भाग झाले असते तर दुधाचा टेम्पो गावात फिरकलाच नसता. आम्ही दोघींनी मिळून एक पाप केलं. आपापल्या आईला दुसरी येणार हे सांगितलंच नाही.

आईची एकच अट होती, "जयंती झाल्याबिगर मी हालायची न्हाई." तिची अट पाळली. जयंतीची मिरवणूक झाली, निळा गुलाल धुऊन झाला आणि आम्ही अंबाजोगाईच्या स्टँडवर हैदराबादच्या बसला उभ्या राहिलो. तेवढ्यात मनीषा काकूंना घेऊन रिक्षातून उतरली.

"ही कावून आली?" काकूंनी आईकडं न बघता विचारलं.

आई मला म्हणाली, "बॅग उचल. घरी चल."

"विमानाचं तिकीट वापस होत न्हाई," मनीषानं खोटंच ठोकून दिलं. फुकट काही घालवायचं नाही, एवढ्या एका तत्त्वावर दोघींचं एकमत होतं. बसमध्ये पहिल्या आणि शेवटच्या सीटवर बसून दोघी हैदराबादला पोचल्या. तिथून विमानानं पोर्ट ब्लेअर.

तुम्ही जाणार असाल तर नील बेटाची बोट आधीच ठरवून ठेवा. सरकारी बोट खूप स्वस्त. खासगी बोटीत एसी आहे, पण खिडकी उघडत नाही आणि आत सिनेमातली गाणी लावतात. आम्ही सरकारी घेतली. डेकवर उभं राहता येतं. दोन्हीकडं निळंशार पाणी, मध्येच चंदेरी मासे उड्या मारत होते. आईनं कठड्यावरून वाकून खाली बघितलं. मग म्हणाली, "एवढं पाणी, अन् घोटभर बी प्यायच्या कामाचं न्हाई. इलेक्शनच्या भाषणावानी."

काकूंना हसू आलं. ते त्यांनी पदराआड लपवलं.

नील बेट म्हणजे कागदावरचं शहीद द्वीप. बेट एवढंसं की स्कूटरवर सकाळी निघालात तर नाश्त्याच्या आत सगळं बघून होतं. भाताची खाचरं, केळी, सुपारी आणि दर वळणावर भाजीचे मळे. आमचा मुक्काम एका बंगाली मावशींच्या घरी होता. मासे उत्तम. मोहरीच्या तेलाचा वास दोन जेवणांनंतर आवडायला लागतो, तोवर दही मागा.

मावशींनी खोली दाखवली, मग न्हाणीघरातला निळा ड्रम दाखवला आणि हिंदीत सांगितलं, "पानी एक दिन छोड के आता है. जरा सँभाल के."

आम्ही चौघी त्या ड्रमकडं बघत राहिलो. पाचशे कोसांवरून गावातला टँकरच्या पाण्याचा ड्रम आमच्या मागं आला होता. काकूंनी कपाळावर हात मारला आणि मनीषा इतकी हसली की तिला उचकी लागली.

एक ड्रम, एक मग, चार बायका. आता एक सांगायला हवं. गावात काकूंच्या माठाला आईचा हात लागत नाही. आम्ही मैत्रिणी हे लहानपणापासून बघत आलोय आणि गावात ते तोंडानं कुणी बोलत नाही, नुसतं पाळतात. इथं पहिल्या दिवशी काकू मगापाशी घुटमळल्या. आई बाहेरून म्हणाली, "पोरी, सांग तिला, दुसरा मग समिंदरात हाय." काकूंनी अंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी नैसर्गिक पूल बघायला गेलो. किनाऱ्यावर खडकाची अशी कमान आहे की खालून माणूस आरामात जातो. इथं फक्त ओहोटीला जाता येतं, म्हणून वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या, आणि रबरी तळाचे, बंदाचे बूट घालाच. वाट मेलेल्या पोवळ्यांची, टोकदार आणि बुळबुळीत. खडकांच्या डबक्यांत निळे मासे, काळे खेकडे आणि समुद्रकाकडी नावाचा एक प्रकार, जो दिसतो अगदी सडक्या वांग्यासारखा.

कमानीखाली पुण्याचे एक काका बायकोला म्हणत होते, "इतकी वर्षं टिकलाय म्हणजे कमाल आहे."

"कॉन्ट्रॅक्टरला दिला न्हाई म्हणून टिकलाय," आई म्हणाली. काका फोटो काढायचे थांबले.

सोबतच्या वाटाड्यानं पाणी वाढतंय म्हणून सगळ्यांना परत फिरवलं. आम्ही दोघी पुढं होतो. आई मध्ये आणि सगळ्यात मागं काकू. मी वळून बघितलं तर काकू खडकात उभ्या. एक पाय फटीत अडकलेला, पाणी पोटरीपर्यंत आलेलं. हाक मारायला सगळ्यात जवळ आई होती, म्हणून त्या हाकच मारेनात! ओठ घट्ट मिटून पाय ओढत होत्या. एक लाट आली, साडी फुगली आणि त्या पाण्यातच बसल्या.

मी ओरडले. आई आधीच माघारी पळत होती. आम्ही पोचेपर्यंत ती पाण्यात गुडघ्यावर बसून काकूंच्या बुटाशी झटत होती.

"बंद सोड!"

"नवा हाय गं बूट..."

"ए द्वारके! पाय पायजे का बूट?"

चाळीस वर्षं आईनं त्यांना "द्वारकाबाई, तुमी" म्हटलंय. काकूंनी तिच्याकडं बघितलं आणि बंद सोडला. पाय रक्ताळून बाहेर आला. बूट अजून तिथंच असेल, खेकड्यांचा संसार झाला असेल त्यात.

वाळूवर आल्यावर वाटाड्यानं जखम बांधली. आईनं आपली पाण्याची बाटली पुढं केली आणि हात तसाच धरून ठेवला. काकूंनी बाटली घेतली, तोंडाला लावली आणि संपवली.

मग एकदम म्हणाल्या, "आमच्या दुधाला फॅट कमी लावून भाव पाडतीस तू."

"मी लावते? मशीन लावतं!"

"मशीन तुजं हाय."

"संस्थेचं हाय. रोज सकाळी यी, मशीनपशी उभी ऱ्हा, सगळ्यांचं बघ. वेगळी संस्था काढून काय करशील? तुझं दहा लिटर न्यायला टेम्पो येनार हाय का घाट उतरून?"

अर्धा तास दोघी भांडल्या. नारळवाल्यानं विचारलं, "झगडा है क्या?" मनीषा म्हणाली, "नाही भैया, मीटिंग है." डोळे पुसत तिनं चार शहाळी सांगितली. निवडणुकीनंतर आमच्या आया पहिल्यांदाच बोलत होत्या.

परत येऊन आता महिना होतोय. पाऊस नाही, टँकर आहे. वेगळी संस्था निघाली नाही, टेम्पो येतोय. काकू रोज सकाळी मशीनपाशी उभ्या राहतात. पहिल्याच दिवशी त्यांच्या म्हशीचं फॅट कमी लागलं, त्या मशीनवर खेकसल्या. मग आईच्या म्हशीचं त्याहून कमी लागलं, तेव्हा मशीन बरं वाटलं. काकू चहा संस्थेतच पितात. आमच्या घरी अजून पीत नाहीत. आईनं विचारलेलंही नाही.

परवा मी छावणीत गेलते. कडब्याच्या गंजीच्या सावलीत पंधरावीस बायका बसल्या होत्या आणि काकू समुद्र सांगत होत्या. पाणी कंबरेला लागलं होतं. मी तिथूनच मनीषाला फोन लावून म्हटलं, अगं, पोटरीला होतं ना? ती म्हणाली, मागच्या आठवड्यात गुडघ्याला होतं. तोवर काकूंनी छातीपर्यंत आणलं. बायका पुढं सरकल्या, एकीनं "मग?" म्हटलं.

मी आईकडं बघितलं. ती रवंथ करणाऱ्या म्हशीला टेकून बसली होती.

"सांगू दे," ती हळूच म्हणाली. "पानीच वाढवायलीय ना."