ह्यूस्टनमध्ये भरली मंडई

अमेरिकेला यायला मी एकोडी सोडली तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. आदल्या दिवशी गावची मंडई झाली होती. ओसरीवर आत्या-मावश्या दाटीवाटीने झोपल्या होत्या, आणि मला साकोलीहून नागपूरची एसटी पकडायची होती. उठल्यावर कोणाला रडायलाही फुरसत नव्हती, कारण सगळ्यांना शेजारच्या गावच्या मंडईला निघायची घाई. बाबा तेवढे फाटकाशी आले. "जाय माय," म्हणाले, "तिकडं मानसं जोडजो." माणसं जोडणं इतकं सोपं असतं असं त्यांना वाटत होतं, याचा मला पुढे बरीच वर्षं राग येई.

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे मी इथल्या पुणेकर मैत्रिणींना दर वर्षी नव्याने सांगते. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, लेकी माहेरी येतात, दंडार होते. ढोलकीवर नाच, गाणी, सोंगं, आणि बायकांच्या भूमिका पुरुषांनी करायच्या. तरुणपणी बाबा लुगडं नेसून नाचत. माझ्या ह्यूस्टनमध्ये जन्मलेल्या मुलीला, सईला, त्यांचे तेव्हाचे फोटो दाखवले, तर तिने विचारलं, "आजोबांची फॅन्सी ड्रेस कॉम्पिटिशन होती का?" मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

त्याच सुमारास मार्ता भेटली. ती मूळची एल साल्वादोरची, दातांच्या दवाखान्यात काम करते. घरी आजीशी स्पॅनिशमध्ये बोलायला आपल्या मुलीला लाज वाटते, हे कळल्यावर या बाईने चर्चमागच्या हॉलमध्ये शनिवारचे नाचाचे वर्ग सुरू केले. झालरीचे घागरे आयांनी मिळून शिवले. मारिंबा हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य वाजवणारा एक म्हातारा तिने शोधून आणला. नाच झाला की सगळ्या मुलांनी पुपुसा थापायला बसायचं, आणि पुपुसा, म्हणजे सारण भरलेली मक्याची जाड भाकर, थापताना फक्त स्पॅनिश बोलायचं. तिची शिस्त पाहून मी थक्क झाले. आम्ही मराठी मंडळवाले अजून वर्गणी किती ठेवावी यावर वाद घालत होतो.

बाबा सहा महिन्यांसाठी आले, तेव्हा त्यांना मी मार्ताचा वर्ग दाखवायला नेलं. पुढच्याच शनिवारपासून त्याच हॉलच्या दुसऱ्या खोलीत ते सईला आणि आणखी सहा-सात मुलांना दंडार शिकवायला लागले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मुलांना झाडीबोली. तरी पावलं जमत गेली. बाबा परत जाण्याआधी मोठा हॉल घेऊन एक कार्यक्रम करायचा, असं आम्ही ठरवलं. सईने आजोबांची दंडार एकदा तरी करावी, एवढंच माझं मागणं होतं.

मग कळलं की त्याच दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला मार्ताच्या लोकांचा, त्यांच्या गावच्या रक्षक संताचा सण आहे. मी म्हटलं, त्यांचं ते करतील, आपलं आपण. बाबा कधी नव्हे ते चिडले.

"दुसऱ्या गावच्या मंडईच्या दिवशी आपली मंडई भरवत नाही. पाव्हण्यानं जावं तं कुठं?"

मी परोपरीने समजावलं. पुढच्या आठवड्यात निम्मी कुटुंबं सुट्टीवर जाणार, मुलं कमी पडली तर दंडार व्हायचीच नाही, आणि तुमचं तिकीट ठरलेलं आहे. "नाही झाली तं नाही झाली," ते म्हणाले. त्यांच्या हट्टापायी आम्ही दिवस बदलला आणि व्हायचं तेच झालं. चारच मुलं उरली. मंडळातल्या लोकांनी बाबांना तोंडावर काही म्हटलं नाही, मला मात्र भरपूर ऐकवलं.

मार्ताच्या सणाला आम्ही गेलो. रंगवलेल्या बैलाचं सोंग घेऊन एक जण नाचत आला, तसे बाबा खुर्चीतून अर्धे उठलेच. "हे तं आपलंच हाय," असं म्हणून शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिले.

आमच्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये मोजकी माणसं होती. रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून मी त्या उचलून ठेवत होते. तेवढ्यात मार्ता आली. तिच्यामागून घागऱ्यांतल्या मुली, त्यांच्या आया, मारिंबावाला म्हातारा, पुपुसांचे डबे. उचललेल्या खुर्च्या परत मांडल्या, तरी माणसं उभी राहिली. चार मुलांनी दंडार केली. सई ठेका चुकली, हसली, पुन्हा धरून नाचली. मी रडत होते आणि मला कशाचीच लाज वाटत नव्हती.

जेवताना मार्ता म्हणाली, "आमच्याकडेही एका गावच्या सणाला दुसरं गाव जातं. इथे आम्ही इतकी वर्षं आमचे आम्हीच नाचत होतो. यंदा पहिल्यांदा पाहुणे आले."

तिचं म्हणणं मी बाबांना सांगितलं. त्यांनी तिच्या ताटात आपल्या हाताने करंजी वाढली.

बाबा आता एकोडीला आहेत. भेटेल त्याला ह्यूस्टनच्या गोष्टी सांगत असतील, आणि बैलाच्या सोंगाची नक्कलही करून दाखवत असतील. दंडारीचा वर्ग सईचा गट चालवतो, चुकतमाकत. घर कुठलं असं कोणी विचारलं की मी अजूनही एकोडीच सांगते. पण यंदा त्यांच्या सणाचा दिवस ठरवण्याआधी मार्ताचा फोन आला. "तुमच्या गावची मंडई कधी आहे?" तिने विचारलं. "त्या दिवशी आम्ही काही ठेवणार नाही."

तिच्या लेखी 'तुमचं गाव' म्हणजे ह्यूस्टनमधले आम्हीच होतो. मी तिला दिवस सांगितला.