टाचेची फुली

दौलत सोनकांबळेला रस्ते लक्षात राहत नाहीत हे अंबरपेठच्या त्याच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. जन्म हैदराबादेत, शाळा इथं, नोकरी इथंच आबिड्सच्या विमा ऑफिसात, तरी मलकपेटला मेव्हणीकडे निघाला की हा माणूस दर वेळी भलत्याच गल्लीत शिरायचा. शेजारी बसलेली बायको भामा सांगत राहायची, इथं वळा, अहो इथं नका वळू, घ्या, आलो परत त्याच पेट्रोल पंपावर. पण मोकळं मैदान मिळालं आणि पायाखाली क्लच आला की त्याच दौलतचे हातपाय असे काही चालायचे की बघणारे बोलणं विसरायचे. जुनी मारुती एटहंड्रेड, पत्रा वाजणारी, ती त्याच्या हातात मांजरीसारखी वळायची.

ऑटोक्रॉसचा नाद त्याला तिशीनंतर लागला. टीव्हीवर दाखवतात तसली रेस नाही ही. मातीचं मैदान असतं, त्यात रबराचे लाल कोन मांडतात, दोन कोनांचं एक गेट, कुठं चक्कर मारायला एखादं पिंप, आणि एका वेळी एकच गाडी सोडतात, घड्याळ लावून. कोन पाडला तर वेळेत दंड, गेट चुकलं तर रन बाद. गाडी सोडायच्या आधी सगळे ड्रायव्हर पायी चालून मार्ग बघून घेतात, आणि मग जे डोक्यात राहिलं ते राहिलं. आता ज्याला मेव्हणीचं घर सापडत नाही त्याच्या डोक्यात काय राहणार?

म्हणून एकनाथराव.

एकनाथरावांचं राणीगंजला सीट कव्हरचं दुकान होतं. मूळचे देगलूरकडचे शेतकरी, आजोबांच्या काळात शहरात आलेले. दौलत कव्हर शिवायला गेला, मराठीत बोलणं निघालं, चहा झाला, परत चहा झाला, आणि पुढच्या रविवारी दोघं एकाच गाडीत मैदानावर. एका गाडीत दोन ड्रायव्हर चालतात, आधी एकाची पाळी मग दुसऱ्याची, आणि आपल्यासारख्या हौशी लोकांच्या इव्हेंटला शेजारी एक माणूस बसला तरी कोणी अडवत नाही. दौलत चालवायचा तेव्हा एकनाथराव शेजारी बसून ओरडायचे. डावं, डावं, आता पिंप, पूर्ण चक्कर, सोड, उजवं. आणि दौलत डोळे मातीवर ठेवून, कान त्या आवाजावर ठेवून गाडी सोडायचा. पुढचं गेट तो शोधतच नव्हता. ते सांगितलं जाईल हे त्याला श्वासासारखं माहीत होतं.

मैदानावरचे हसायचे. "ये मराठी लोगां गाडी चलारे कि झगडा कररे?"

पायी मार्ग बघताना दोघांची कामं वाटलेली होती. दौलत वाकून माती बघायचा, कुठं घट्ट, कुठं भुसभुशीत. एकनाथराव गेटं बघायचे. ज्या गेटातून जायचं, त्याच्या कोनाच्या मुळाशी ते थांबायचे आणि बुटाच्या टाचेनं मातीत एक फुली काढायचे. गाडीतून ती फुली दिसते थोडीच, पण ते म्हणायचे, एकदा टाच घासली की डोक्यात बसतं. न जायच्या गेटापाशी ते कधी थांबायचेच नाहीत.

दौलतच्या गाडीची दुसरी चावी एकनाथरावांकडेच असायची. कप कोणालाही मिळो, तो आधी दौलतच्या बापाच्या, नागोरावाच्या हातात जायचा. असं दहा वर्षं चाललं. एकनाथराव त्याला दौलत म्हणायचे, तो त्यांना एकनाथराव. वयानं ते चार-दोन वर्षंच मोठे असतील, पण ते पहिल्या दिवशी जसं पडलं तसंच राहिलं, आणि दौलतला त्यात कधी काही वाटलं नाही.

मग राज्याचे दोन तुकडे झाले, आंध्र आणि तेलंगणा, आणि हैदराबाद दहा वर्षं दोघांची राजधानी ठरलं. त्याच्या आधी ऑफिसात कामापेक्षा भांडणंच जास्त, अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे. एकदा कँटीनमध्ये एकानं दौलतला विचारलं, "तुम कौन भई, आंध्रा के कि तेलंगाना के?" त्यानं तोंड उघडायच्या आत मागून कोणीतरी म्हणालं, "उनो कहीं के बी नै, महाराष्ट्रा के." सगळे हसले. दौलतही हसला. पण त्या दिवशी डबा त्यानं अर्धाच खाल्ला, आणि घरी येऊन बापाला सांगितलं.

नागोराव लालागुड्याच्या रेल्वे वर्कशॉपात जन्म घालवलेला म्हातारा. तो म्हणाला, "म्या बिलोलीहून आलो तवा बिलोली पण ह्याच राज्यात होती. म्या कुठं गेलो? हैदराबाद धरून बसलोय तवापासून. तिकडचं त्यांनी नेलं उचलून, त्याला म्या काय करू."

राज्यासोबत मोटर क्लबचेही दोन तुकडे झाले. इकडच्या नव्या क्लबानं जाहीर केलं की हिवाळ्यात बंगळूरच्या मोठ्या मीटला टीम जाणार, लहान गाड्यांच्या क्लासमधून एकच ड्रायव्हर, आणि टीमच्या जर्सीवर पाठीमागे नव्या राज्याचं नाव असणार, त्याखाली ड्रायव्हरचं. दौलतनं हे ऐकलं आणि त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. कप त्याच्याकडे होते. पण ते नाव आणि त्याखाली सोनकांबळे, हे पाठीवर घालून एक दिवस त्या कँटीनमध्ये जायचं, एवढंच त्याला पाहिजे होतं. नागोराव तर रोज विचारायचा, "बनियन कवा मिळणार?"

"जर्सी, बाबा."

"तेच ते. म्या आहे तवर आण म्हंजे झालं."

निवडीचा इव्हेंट शामीरपेटच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर होता. सकाळच्या रनमध्ये लहान गाड्यांत पहिला दौलत, दुसरे एकनाथराव, मधे अगदी केसाएवढं अंतर. क्लबाचे हणमंतराव माइकवर होते, त्यांना जीभ आवरत नव्हती. "देखो भई, नंबर प्लेट एपी की, ड्रायव्हरां दोनों मराठी, और टिकट तेलंगाना की. एक गाडी दो मालिक. अपनी राजधानी के जैसा, दस साल चलालो मिलके."

फायनलला दोघंच. जेवणाच्या सुट्टीत मार्ग बदलला, धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारलं. प्रत्येकाला एकच रन. भामानं ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. एकनाथरावांनी एक तुकडा मोडला आणि ठेवून दिला.

"काय हो, चटणी तिखट लागली?"

"नाही रे. ऊन लागलंय."

मग दोघं मार्ग बघायला चालत निघाले. दौलत ओल्या मातीवर बोटं दाबत होता. शेवटाला एक पिंप ठेवलेलं होतं, त्याला पूर्ण चक्कर मारून बाहेर पडायचं, आणि बाहेर पडताना समोर दोन गेटं, शेजारी शेजारी. एक खरं, एक नुसतं भुलवायला ठेवलेलं. दौलत पिंपाभोवतीचा चिखल बघत राहिला, गेटांकडे त्यानं मान वर करूनही पाहिलं नाही. ते त्याचं काम नव्हतं.

आधी दौलतची पाळी. झेंडा पडला आणि गाडी सुटली. असा रन त्यानं आयुष्यात केला नव्हता. चिखलात मागची चाकं सुटायची आणि तो सुटू द्यायचा, आणि बरोबर त्या क्षणी कानात आवाज यायचा, डावं, उजवं, डावं, सोड. पिंपाची चक्कर तर बघण्यासारखी होती. पिंपातून बाहेर पडताना एकनाथराव म्हणाले, "उजवं."

दौलत उजव्यातून गेला. समोर लाल झेंडा हलत होता.

इंजिन बंद झालं. रन बाद. एकनाथरावांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "दौलत, मेलो रे मी. डोकंच बधिर झालं बघ. उन्हानं."

आणि या वेड्यानं काय करावं? यानं त्यांना पाणी पाजलं. बापाचं तोंड डोळ्यांसमोरून हलत नव्हतं, तरी एकनाथरावांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "होतं हो. आता तुमचा रन नीट करा. आपल्यातला एक तरी गेला पाहिजे."

जागा बदलली. एकनाथराव स्टिअरिंगवर, दौलत शेजारी. त्याला बाकी काही पाठ नव्हतं, पण ते एक गेट आता त्याच्या डोक्यात कोरलं गेलं होतं. पूर्ण रन त्याला एकच धास्ती, की हे परत चुकतील. पिंप आलं तसा तो जीव खाऊन ओरडला, डावं, डावं. गाडी डाव्यातून गेली, घड्याळ थांबलं, वेळ चांगली आली होती. दौलतनं टाळ्या वाजवल्या. खऱ्या वाजवल्या.

आपल्याकडे मैदान आवरायला वेगळी माणसं नसतात, ड्रायव्हरच कोन उचलतात. एकनाथरावांभोवती लोक जमले होते, म्हणून दौलत एकटाच कोन गोळा करत पिंपाकडे गेला. उजव्या गेटाचे दोन उचलले. मग डाव्या गेटाचा पहिला कोन उचलला आणि तसाच उभा राहिला.

कोनाच्या मुळाशी, ओल्या मातीत, टाचेची फुली होती.

त्यानं मागं वळून उजव्या गेटाची जागा बघितली. तिथं काही नव्हतं. परत फुली बघितली. एक पाय लांब, एक तोकडा, कारण एकनाथरावांच्या डाव्या बुटाची टाच एका बाजूनं झिजलेली होती. टँकर गेल्यावर, चालून बघताना, ते इथं थांबले होते, टाच घासली होती, डोक्यात बसवलं होतं. आणि मग गाडीत बसून उजवं म्हणाले होते. दौलतच्या हातातले कोन खाली पडले. ते त्यानं परत उचलले, एकात एक घातले आणि नेऊन जागेवर ठेवले. काय बोलणार, माझ्या मित्राची टाच बघा म्हणून?

परतीला गाडी दौलतच चालवत होता. मांडीवर कप घेऊन एकनाथराव शेजारी. अलवाल आलं तेव्हा दौलतनं विषय काढला.

"एकनाथराव, डाव्या गेटाला फुली होती."

"कसली फुली?"

"तुमची."

ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. "जीभ घसरली म्हण."

"मी कशाला म्हणू? तुम्ही सांगा ना, घसरली का?"

सिकंदराबादच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते बोलले. "एकच जागा होती, दौलत."

"मला माहीत नव्हतं होय?"

"गाडी तुझी. दहा वर्षं मी घसा फोडतो आणि लोकं म्हणतात दौलत काय चालवतो बाप्पा. कधी विचारलंस, एकनाथराव, तुम्हाला जायचंय का म्हणून?"

हे खरं होतं. दौलतनं कधी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "एकदा बोलला असता तर दिली असती मी जागा. आईची शपथ, दिली असती."

"तेच तर." एकनाथराव कपाकडे बघत म्हणाले. "तुझ्याकडून…" आणि थांबले. "तुझ्याकडून दिलेली घेऊन मी कुठं तोंड दाखवू?"

मागून हॉर्न वाजायला लागले. सिग्नल सुटला होता. दौलतला गिअर सापडेना. उजवं म्हणाले ते एक वेळ त्यानं गिळलं असतं, माणूस हावेपोटी काहीही करतो. पण ते तुझ्याकडून, आणि त्याच्यानंतरचं ते थांबणं. दहा वर्षं एका डब्यात जेवलेला माणूस. भामाच्या हातची भाकरी मागून घेणारा माणूस. म्हणजे खाताना पण हे आत होतंच का? आणि आपण काय ऐकत होतो इतकी वर्षं, डावं आणि उजवं?

अंबरपेठेत शिरताना रस्ता खोदलेला होता. एकनाथराव सवयीनं म्हणाले, "खड्डा आहे, डावीकडून घे."

दौलतनं गाडी सरळ घातली. पुढचं चाक धाडकन खड्ड्यात गेलं, कप मांडीवरून घरंगळून पायात पडला.

"अरे, सांगितलं की मी."

"ऐकलं की मी," दौलत म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी त्यानं गाडी थांबवली आणि हात पुढे केला. एकनाथरावांना आधी कळलं नाही. मग त्यांनी खिशातून दुसरी चावी काढून त्याच्या तळहातावर ठेवली, कप काखेत घेतला आणि उतरून आपल्या वाटेनं गेले. नागोराव दारात खुर्ची टाकून बसला होता. कप येईल म्हणून त्यानं धोतराला हात पुसून ठेवले होते.

"कुणाचं नाव आलं रे बनियनवर?"

"एकनाथचं."

म्हाताऱ्यानं मान वर केली. दहा वर्षांत पोराच्या तोंडून ते नाव असं उघडं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. मग त्यानं शेजारचं स्टूल पायानं पुढे सरकवलं.

"बस," तो म्हणाला. "भामा, पाणी आण गं."