सत्काराच्या डब्यातला नमुना

सोसायटीच्या सत्यनारायणाला माझा सत्कार झाला. नाहूरच्या या इमारतीत मी अकरा वर्षं एकटा राहतो. तोवर माझी ख्याती पार्किंगची जागा रिकामी ठेवणारा गृहस्थ एवढीच होती. सेक्रेटरींनी माइकवर सांगितलं, "आपले सर परदेशातल्या यंत्रावर चुंबकाचा फोटो काढणार आहेत." टाळ्या. शाल, श्रीफळ आणि सुक्या मेव्याचा मखमली डबा.

फोटो खरंच काढायचा होता. केसाच्या जाडीत शेकडो मावतील इतके बारीक चुंबकीय पट्टे एका पातळ थरात असतात. अब्जांश सेकंदही न टिकणारे प्रकाशाचे झोत टाकून ते हलताना टिपायचे. एकदा उजव्या पिळाचा प्रकाश, एकदा डाव्या. मग एका चित्रातून दुसरं वजा करायचं. उरतं ते चुंबकत्व. असे पट्टे असलेला एक नमुना आम्ही वर्षभर खपून जमवला होता. यंत्रावर तीन दिवस मिळाले होते, तेही दोन वर्षं रांगेत थांबून.

नमुना घेऊन जाणार होती घाटकोपरची माझी सहकारी. "नीट डब्यात दे रे. आपटला तर वाट लागेल."

घरात नीट डबा एकच होता. बदाम काढले, फोम भरला. झाकण जवळ नेलं की खट्‌कन आपोआप बसायचं. चुंबकांवर वीस वर्षं काम केलेल्या माणसाला ते कशामुळे बसतं, हा प्रश्न पडला नाही.

आठवड्याने दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. वजाबाकी करून पडद्यावर उरला होता एक सपाट करडा चौकोन. एकही पट्टा नाही; सगळं एकाच दिशेला वळलेलं. पट्टे पुन्हा जमवायला तिथे साधन नव्हतं.

"मीच कुठेतरी माती खाल्ली, यार. विमानतळावर तपासणीला दिला ना, तेव्हाच."

गप्प बसता आलं असतं. निमित्त तिने आयतं दिलं होतं.

"डब्याच्या झाकणाला टाचणी लावून बघ," मी म्हणालो.

टाचणी चिकटली.

"तू मला सत्काराचा डबा दिलास?"

"बदाम चांगले होते."

ती हसली नाही. "परत कधी मिळेल यंत्र?" तिने विचारलं.

संध्याकाळी दूध आणायला उतरलो तर लिफ्टपाशी सेक्रेटरी. "सर, आला का फोटो?"

माझ्या कामाचं इथे कुणी आपणहून विचारायची ही पहिलीच वेळ. मी मोबाइलवरचा तो करडा चौकोन पुढे केला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"छान आलाय. अगदी स्वच्छ." मग जरा संकोचून, "डबा आवडला ना? झाकण मी मुद्दाम तसलं निवडलं होतं."

"पक्कं बसतं," मी म्हणालो.

अजून काही विचारतील म्हणून मी पिशवी धरून तसाच उभा राहिलो. लिफ्ट आली, ते वर गेले.